रकान्यात न मावणारा गांधार

सरकारी चाकरीत ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला रकाना म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. प्रपत्र दूरच्या कुठल्या तरी कार्यालयात आखले जाते. ज्याची माहिती त्यात भरावयाची, तो माणूस आखणाऱ्याने कधी पाहिलेलाही नसतो. मग जे रकान्यात बसते ते नोंदले जाते आणि जे बसत नाही ते ‘शेरा’ या शेवटच्या अरुंद पट्टीत कोंबले जाते. त्या पट्टीचे पुढे काय होते, हे आपण सारेच जाणतो. आज आम्ही ज्या विषयावर लिहिण्यास बसलो आहोत तो वरवर पाहता संगणकाचा आणि संगीताचा आहे. परंतु त्याचे मूळ या रकान्यात आणि या शेऱ्यात आहे, म्हणून तो घरापासून दूर नेमणुकीवर असलेल्या आमच्या वाचकांपुढेच मांडावा असे आम्हांस वाटले.

संगीतरचनेची जी सॉफ्टवेअरे आज कोणाही शाळकरी मुलाच्या संगणकावर सापडतात, त्यांच्या केंद्रस्थानी ‘पियानो रोल’ नावाचा एक आखीव पट असतो. पडद्याच्या डाव्या कडेला पियानोच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या एकीवर एक रचलेल्या असतात. प्रत्येक पट्टीतून उजवीकडे एक आडवी ओळ जाते. उभ्या रेघा काळाच्या. या जाळ्यात माऊसने एक चौकोन काढला की तो सूर झाला. चौकोन वर सरकवला की सूर चढतो, रुंद केला की लांबतो, पुसला की नाहीसा होतो. लिहिलेले लगेच वाजते. ज्याने पेटीवर बोट ठेवले आहे त्याला हा पट अर्ध्या तासात समजतो, आणि ज्याने ठेवलेले नाही त्याला एका दिवसात.

या पटाचे नाव निष्कारण पडलेले नाही. १८९५ साली अमेरिकेत एडविन व्होटी याने ‘पियानोला’ हे यंत्र बनविले. छिद्रे पाडलेली कागदाची गुंडाळी त्यातून सरकत जाई आणि ज्या जागी छिद्र येई त्या जागेची पट्टी हवेच्या दाबाने वाजे. पुढे १९०८ साली बफेलो येथे कारखानदारांनी एकत्र बसून सव्वाअकरा इंच रुंदीच्या कागदावर ८८ पट्ट्यांच्या छिद्रांचे माप ठरविले. कागद गेला, हवेचे भाते गेले. परंतु त्या गुंडाळीचे चित्र संगणकाच्या पडद्यावर जसेच्या तसे येऊन बसले. १९८३ साली निरनिराळ्या कारखान्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागावीत म्हणून ‘मिडी’ नावाची संकेतपद्धती निघाली. तिने ८८ ऐवजी १२८ सूरक्रमांक दिले, इतकाच काय तो विस्तार. सूर म्हणजे एक क्रमांक, तो एका क्षणी सुरू होतो आणि दुसऱ्या क्षणी थांबतो, ही पियानोच्या हातोडीची समजूत मात्र तशीच राहिली. पियानोची हातोडी तारेवर पडल्यावर सुरास वळविता येत नाही हे खरे. पण म्हणून जगातील सर्व सूर हातोडीनेच निघतात असे कोणी मानावयाचे कारण नव्हते.

हे साधन मुळातच टाकाऊ आहे, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणारा एक पक्ष आहे, त्याचा समाचार पुढे घेऊच. पियानो रोलचे उपकार आम्ही स्वतः घेतले आहेत. लखनौच्या दक्षिणेला अमौसी हे विमानतळाचे गाव. अलीकडे औद्योगिक वसाहत, एक लहानसे रेल्वे स्थानक, आणि आता मेट्रोचेही एक स्थानक. विमानतळ, कारखाने, केंद्र सरकारची कार्यालये यांच्या निमित्ताने येथे येणारी मराठी कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही तीनचार वर्षांनी पालटणारी. तबलजी मिळाला तर पेटीवाला नसतो. पेटीवाला आला म्हणेपर्यंत त्याच्या बदलीचा हुकूम येतो. अशा स्थितीत गणेशोत्सवात कोणी नाट्यपद म्हणावयाचे, दिवाळीच्या पहाटे कोणी अभंग म्हणावयाचा, तर साथ कोणी करावी? ती आता वसाहतीतली कॉलेजात जाणारी मुले संगणकावर तयार करतात. गाणाऱ्या बाईंची पट्टी काळी चार असो की पांढरी पाच, सारे चौकोन एका दमात वरखाली सरकविता येतात; एखादी जागा चुकली तर तेवढीच दुरुस्त होते; ताल संथ करून सराव करता येतो. जेथे माणूस मिळत नाही तेथे यंत्राने निदान कार्यक्रम तरी उभा राहतो. ही सोय लहान नाही. बदलीच्या गावी मराठी गाणे जिवंत ठेवण्याचे निम्मे काम आज या पटावर चालले आहे, आणि म्हणूनच त्याच्या दोषांविषयी गप्प बसणे आम्हांस अशक्य झाले आहे.

दोष कोणता, ते एका साध्या उदाहरणाने दाखवितो. यमनात मंद्र निषादावरून मींड घेऊन गांधारावर यावयाचे आहे. कंठाला, सारंगीला, बासरीला यात विशेष असे काही नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ते करू पाहतो. पियानो रोलवर मात्र निषादाचा एक चौकोन आणि गांधाराचा एक चौकोन यांच्यामध्ये काहीच नसते. मधले चौकोन भरले तर मींड न होता जिना होतो. खरी मींड हवी असेल तर एकच लांब चौकोन काढावयाचा, मग पटाच्या खाली दडलेली ‘पिच बेंड’ नावाची वेगळी पट्टी उघडावयाची आणि तेथे एक वक्ररेषा काढावयाची. या पट्टीवर स्वरांची नावे नसतात. शून्याच्या वर ८,१९१ आणि खाली ८,१९२ असे आकडे असतात. त्यांत गांधार कोठे आला हे तुम्ही अदमासाने ठरवावे. मूळ मांडणीत ही रेषा दोन अर्धस्वरांपलीकडे जात नाही आणि निषादापासून गांधार तर पाच अर्धस्वर दूर! तेव्हा मर्यादा वाढवावयाची, ती वाद्याच्या खोक्यातही वेगळी वाढवावयाची, आणि हे सारे झाल्यावर लक्षात येते की त्या वाहिनीवर वाजणारे बाकीचे सूरही या वळणाबरोबर वाकले. पुष्कळ सॉफ्टवेअरांत तर चौकोन पुढे सरकविला की वळण जागच्या जागी राहते आणि भलत्याच सुरावर जाऊन बसते.

वाचकांनी ओळखलेच असेल की ही खालची पट्टी म्हणजे आपला ‘शेरा’. पाश्चात्य वाद्यवृंदात सुराचे वळण हा अलंकार असेल, त्याला शेऱ्यात जागा दिली तर बिघडत नसेल. आमच्याकडे वळण हाच मजकूर आहे. दरबारीतला आंदोलित गांधार किंवा भैरवातला रिषभ यांचे स्थान सांगा म्हटले तर कोणताही जाणकार गवई एका बिंदूवर बोट ठेवणार नाही. तो सूर गाऊन दाखवील, आणि गाताना सूर हलता असेल. जो हलतो त्याला स्थिर चौकोनात लिहावयाचे आणि त्याचे हलणे तळटीपेत टाकावयाचे, ही लेखनपद्धती आमच्या संगीतास उलटी लागू पडते.

याहूनही गंभीर गोष्ट कानाची आहे. तंबोऱ्याचा खर्ज नीट मिळाला की त्यातून गांधार आपोआप ऐकू येतो; जुने गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणत आले. तो षड्जाच्या पाचव्या उपस्वरातून उमटतो आणि सप्तकाचे १,२०० सेंट मानले तर सुमारे ३८६व्या सेंटवर येतो. पियानो रोलचा गांधार, सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असल्यामुळे, बरोबर ४००वर बसतो. अंतर चौदा सेंटांचे, म्हणजे एका पट्टीच्या सातव्या हिश्शाचे. कोणी म्हणेल, एवढ्याशा अंतराने काय होते? होते असे, की या बारा तुकड्यांवरच बेतलेली, गाणे तपासणारी साधनेही आता मुलांच्या हाती आली आहेत. त्यांतल्या एकाने आमच्या वसाहतीतल्या एका मुलीचा गांधार ‘उतरलेला’ ठरविला. मुलगी तंबोऱ्याशी तंतोतंत मिळालेली होती. दोनतीन महिन्यांत तिने पडद्यावरची खूण हिरवी व्हावी म्हणून गांधार चढवावयास सुरुवात केली. तंबोरा तिच्या शेजारीच वाजत होता. पण तंबोरा गुण देत नाही. एका पिढीचा कान असा एकेका खुणेने बदलत जातो आणि बदलल्याचे कोणास कळतही नाही.

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो लखनौत आला तर विशेषच बोचतो. वसाहतीतला एक हुशार मुलगा आम्हांस म्हणाला, “काका, बाराच्या बारा सूर आहेत की! तुमच्या भातखंड्यांनीसुद्धा बाराच सांगितलेत ना?” प्रश्न योग्य आहे. अमौसीहून मेट्रोने हजरतगंजला उतरून कैसरबागेत गेले की वाजिद अली शाहांच्या परीखान्याची वास्तू लागते. १९२६ साली लखनौत निघालेल्या मॅरिस कॉलेजचे आजचे रूप असलेले भातखंडे विद्यापीठ तेथेच आहे. या कॉलेजामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची तपश्चर्या होती, आणि १९२८ पासून सुमारे तीन दशके प्राचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ते वाढविले. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या एका वकिलाने मूळ मराठीत लिहिलेली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ आणि सहा भागांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ यांच्या पायावर गंगायमुनेच्या दुआबातील मुले गाणे शिकली. बदलीच्या प्रांतात मराठी माणसाने याहून मोठे काही ठेवले असेल असे आम्हांस वाटत नाही. आणि या पंडितांनी खरोखरच सारी रागव्यवस्था बारा स्वरांवर आणि दहा थाटांवर उभी केली.

परंतु भातखंड्यांचे बारा स्वर ही नावे आहेत, मापे नव्हेत. त्यांची स्वरलिपी माणसाने वाचावयाची आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रास खाली बिंदू, तारास वर बिंदू, कणस्वर लहान अक्षरात डोक्यावर, आणि मींड म्हणजे स्वरांच्या माथ्यावरून गेलेली कमान. ही कमान मजकुरातच आहे, वेगळ्या पट्टीत नाही. ती किती वेळात, कोणत्या वजनाने घ्यावयाची हे लिपी सांगत नाही, कारण सांगावयास गुरू समोर बसलेला असतो. लखनौच्या चिकनकामाची येथे आठवण होते. कारागीर प्रथम लाकडी ठशाने कपड्यावर पुसट निळी नक्षी छापून घेतात. त्यावर टाका पडतो. मग कपडा धुतला जातो, छाप निघून जातो आणि टाका राहतो. भातखंड्यांची लिपी हा तसा छाप आहे. पियानो रोल वाचणारा माणूस नाही, यंत्र आहे. ते छापालाच कशिदा समजते आणि जे लिहिले तेच, तेवढेच, वाजविते. तेव्हा माणसासाठी पुरेशी असलेली लिपी यंत्रासाठी पुरेशी आहे, असे म्हणणे हा भातखंड्यांचा आधार घेणे नव्हे. गुरूने जे तोंडाने सांगितले असते ते सारे यंत्राला लिहूनच सांगितले पाहिजे, आणि ते लिहिण्याची सोय पटातच हवी.

दुसरा पक्ष म्हणतो, मग बारांऐवजी बावीस ओळी आखा. या उपायाचा इतिहास मराठी माणसास तरी माहीत असावा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे तुमच्याआमच्यासारखेच सरकारी अधिकारी, डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचे साहाय्य घेऊन स्वरांची मोजमापे केली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. ई. क्लेमंट्स या आय.सी.एस. न्यायाधीशाने त्यांस साथ दिली. श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली गेली, तिच्यावरून मोठा वाद झाला आणि गवयांचा कौल तिच्या बाजूने पडला नाही. फावल्या वेळात तारा मोजीत बसणाऱ्या या अधिकाऱ्याविषयी आम्हांस मोठा आदर आहे. आपल्या काळी डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवून ती परंपरा पुढे नेली, तिचेही मोल आम्ही जाणतो. स्वयंभू गांधार पेटीवर मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. तरीही पियानो रोलच्या प्रश्नाला ते उत्तर नाही. रकाने बारांचे बावीस केले तरी रकाना तो रकानाच. सुराला एका खणातून दुसऱ्या खणात जाताना जी वाट लागते तिच्यासाठी खण वाढवून उपयोग नाही. वाटच आखता आली पाहिजे.

तिसरा पक्ष सोवळ्यांचा. यंत्राला संगीतात थाराच नको, असे ते म्हणतात. या सोवळ्याचा प्रयोगही एकदा झालेला आहे. १९४० साली आकाशवाणीने आपल्या केंद्रांवर हार्मोनियमला बंदी केली. लखनौचे केंद्र तेव्हा अवघे दोन वर्षांचे होते. बंदीमागची तक्रार खोटी नव्हती. पेटीला मींड नाही आणि तिचे सूर तंबोऱ्याशी जुळत नाहीत, हेच आक्षेप आज आम्ही पियानो रोलवर घेत आहोत. पण बंदीने साधले काय? नभोवाणीवर पेटी सुमारे तीन दशके मुकी राहिली आणि नभोवाणीबाहेर घराघरांत, देवळांत, तमाशाच्या बोर्डावर ती होती तशीच वाजत राहिली. ज्या संस्थेपाशी देशातले उत्तम गवई, उत्तम अभियंते आणि सरकारचा पैसा एका छताखाली होता, तिने पेटी सुधारण्याचे काम अंगावर घेतले असते तर? दार लावून घेतल्याने वाद्य बाहेर राहिले, आणि सुधारणाही बाहेरच राहिली.

शिवाय पेटीचा आणि पियानो रोलचा अपराध सारखा नाही. याच लखनौत बेगम अख्तर स्वतःच्या बोटांनी पेटी वाजवीत ठुमरी, दादरा आणि गझल गात. पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये जी दरी होती ती त्यांचा गळा भरून काढी. ऐकणाऱ्यास दरी जाणवतही नसे. पेटीपाशी नेहमी एक गळा असतोच. पियानो रोलवर मात्र बासरीही चौकोनांत लिहिली जाते, सारंगीही चौकोनांत, आणि आता कित्येक ठिकाणी गळाही. दरी भरून काढणारे कोणी उरतच नाही. म्हणून पेटी चालली तर हेही चालेल, असे म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे.

मग करावयाचे काय? वाट अगदीच अनोळखी नाही, आणि तिचा अर्धा टप्पा मुंबईतच पार पडला आहे. १९८०च्या दशकात नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये बर्नार्ड बेल यांनी घडविलेल्या यंत्रावर गायकांच्या सुरांचे आलेख निघू लागले. पुढे तेथेच डॉ. सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी संगणकाच्या साहाय्याने रागगायनाचे चलच्चित्र-आलेख तयार केले. त्यांत आडव्या ओळी असतात, पण त्या पियानोच्या नसतात. त्या गायकाच्या षड्जापासून मोजलेल्या असतात. त्या ओळींमधून सुराची एक अखंड रेषा वळत, थरथरत, चढत-उतरत जाते. मींड कोठे रेंगाळली, कण कोठून आला, आंदोलन किती रुंद होते, हे डोळ्यांस दिसते. हा आलेख पाहिला की पियानो रोल कसा असावयास हवा होता हे वेगळे सांगावे लागत नाही. उणीव एवढीच की हे वाचण्याचे साधन आहे, लिहिण्याचे नाही. गायिलेले त्यात दिसते, पण रेषा ओढून गाववून घेता येत नाही. हा उरलेला अर्धा टप्पा आहे.

आमची पहिली मागणी म्हणून हीच: पटावरचे मूळ एकक चौकोन नसावे, रेषा असावी. ज्यास स्थिर सूर हवा त्याने सरळ रेषा ओढावी. मींड त्याच पटावर, त्याच स्वरांच्या ओळींमधून काढता यावी, आणि सूर सरकविला तर त्याचे वळण त्याच्यासंगे सरकावे. तंत्राची अडचण आता कोणी सांगू नये. २०१८ साली ‘मिडी’च्या नियमांत प्रत्येक सुरास स्वतंत्र वळण देण्याची रीत मान्य झाली आणि २०२० साली त्या संकेताची दुसरी आवृत्तीच निघाली. ‘एफएल स्टुडिओ’त सरकते सूर पूर्वीपासून आहेत, ‘क्युबेस’ने २०११ साली एकेका सुरास स्वतंत्र वळण देण्याची सोय केली, ‘एबलटन लाइव्ह’ने २०२४च्या आवृत्तीत निरनिराळ्या स्वरव्यवस्था पटावर आणल्या. या साऱ्यांचे श्रेय त्यांस द्यावयासच हवे. परंतु नवी कोरी फाईल उघडली की समोर काय येते? तीच पियानोची पट्टी आणि तेच बारा सारखे खण. सोय आहे, पण ती मागून, शोधून, तीन दालने ओलांडून मिळवावी लागते. कायद्यात हक्क असणे आणि खिडकीवर तो मिळणे यांतले अंतर आमच्या वाचकांस काय सांगावे!

दुसरी मागणी षड्जाची. षड्ज गाणाऱ्याचा असावा, आणि ओळी त्यापासून मोजल्या जाव्यात. तिसरी तालाची, आणि तिच्यावर आम्ही थोडे अधिक बोलणार आहोत, कारण तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. पियानो रोलचा काळ डावीकडून उजवीकडे सरळ पळत सुटतो. चार मात्रांनी एक ठळक रेघ, पुन्हा चार मात्रांनी एक. रूपकाच्या सात किंवा झपतालाच्या दहा मात्रा सांगितल्या तर तो बिचारा रेघा बदलतो. पण सम कोणती आणि खाली कोणती हे त्याला ठाऊक नसते, आणि आवर्तन म्हणजे परत येणे आहे हे तर मुळीच ठाऊक नसते. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे कोणतेही पान उघडा. तीनतालाची चीज असेल तर सोळा मात्रांची एक ओळ, तिच्याखाली दुसरी. समेखाली सम, खालीखाली खाली. डोळा नुसता वरून खाली फिरविला तरी मुखडा प्रत्येक वेळी कसा उचलला आहे ते कळते. हा छपाईचा विचार शंभर वर्षांपूर्वी मुद्रकाच्या खिळ्यांनी साधला. तो संगणकाच्या पडद्यावर साधू नये याला कारण नाही. पट समेवर दुमडता यावा, एवढेच आमचे मागणे. जी मुले आज चौकोन सरळ रेषेत पसरून तुकडे तुकडे चिकटवितात, त्यांना आवर्तन प्रथमच डोळ्यांनी दिसेल.

लयीचेही एक आहे. चुकीच्या वेळी पडलेले सूर एका कळीने रेघांवर ओढून आणण्याची जी सोय या पटावर असते, ती मुलांस फार आवडते. अभंगाच्या ठेक्यात जो झोल असतो तो या कळीने नाहीसा होतो, आणि वारकऱ्यांची दिंडी पोलिसांच्या संचलनासारखी चालू लागते. यावर उपाय यंत्रात नाही. ती कळ दाबणाऱ्यास दिंडीत नेऊन चालविणे हाच आहे. असो.

कंपन्या म्हणतील, एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी पट कोण बदलतो? गिऱ्हाईक एवढेसे नाही. कर्नाटक संगीतातल्या गमकांचे दुःख हेच आहे. तुर्की संगीतशास्त्र एका पूर्ण स्वराचे नऊ सूक्ष्म भाग मानते. अरबी आणि इराणी संगीताच्या मधल्या सुरांना, जावा बेटातल्या गामेलानला हे बारा खण तसेच अपुरे पडतात. वस्तुतः पियानोचा रकाना ज्यांना सहज पुरतो असे संगीत जगात किती, हाच प्रश्न विचारावयास हवा. आणि कंपन्यांची मनधरणी करण्याची गरज तरी काय? ‘एलएमएमएस’सारखी मुक्त सॉफ्टवेअरे आहेत, त्यांत पियानो रोल आहे, आणि त्यांचा मूळ संकेत कोणासही वाचता, बदलता आणि वाटता येतो. पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे आमच्या वाचकांची मुले दिवसभर परक्यांच्या प्रपत्रांचे रकाने दुरुस्त करीत असतात. त्यांतल्या चौघांनी रविवारचे दोन तास दिले तर हे काम कंपन्यांच्या मेहेरबानीवाचून सुरू होईल. देवलांना पेटी विलायतेत करवून घ्यावी लागली होती. ही अडचण आता नाही.

आमच्या वाचकांपैकी काही शाळांच्या आणि सांस्कृतिक संस्थांच्या खरेदीसमित्यांवर असतात. संगीतवर्गासाठी संगणक आणि सॉफ्टवेअर घेताना निविदेत पडद्याची रुंदी आणि स्मरणशक्ती तपशिलाने लिहिली जाते. त्याच कागदावर षड्ज बदलता यावा, तंबोऱ्याशी मिळणारे स्वर घेता यावेत आणि मींड पटावरच लिहिता यावी, अशा तीन ओळी आल्या तर पुरवठादारास प्रथमच कळेल की या देशात असेही काही मागितले जाते. याला कोणत्याही नव्या धोरणाची, वरच्या मंजुरीची आवश्यकता नाही. लेखणी आपल्याच हातात आहे.

मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्यांस पाठवावयाच्या पत्राचा मसुदा आम्ही अमौसीतल्या चारपाच मंडळींनी मिळून केला आहे. रेषा, षड्ज आणि आवर्तन या तीन कलमांवर आमच्यात दुमत नाही. चौथे कलम स्वरांची नावे देवनागरीत दाखविण्याचे आहे आणि ते अजून वादात आहे. लखनौचे एक तबलजी म्हणतात, नावे उर्दूतही हवीत. आमच्यातल्या एका अभियंत्याचे म्हणणे, नावेच नकोत, नुसता षड्ज ठळक दाखवा, बाकीचे कान शोधील. मसुदा ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनी संपादकांमार्फत मागवावा. दुरुस्त्या मात्र कृपा करून मजकुरातच कराव्यात. शेऱ्यात लिहू नयेत.